झटक्याचा उंबरठा

मी आठ-नऊ वर्षांचा असताना शेजारच्या घरातल्या थोरल्या मुलीला फिट यायची. गावात त्याला फेफरे म्हणत. धुणे वाळत घालता घालता ती एकदम ताठ व्हायची, खाली कोसळायची, पाय सरळ ताणले जायचे आणि मग सारे अंग थडथडायला लागायचे. कोणी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरी, कोणी चप्पल हुंगवी, कोणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबी. दोन-तीन मिनिटांनी झटका आपला आपणच थांबायचा आणि श्रेय कांद्याला मिळायचे. पुढे तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला एक पांढरी गोळी सुरू केली. झटके विरळ झाले आणि वर्षभरात थांबले. ती गोळी कुठून आली, ती चालेल हे आधी कोणाला कसे कळले, हा प्रश्न तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नाही.

बारा-तेरा वर्षांनी औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला. सरांनी एका पांढऱ्या उंदराच्या दोन्ही कानांना चिमटे लावले आणि यंत्राचे बटण दाबले. शॉक सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढाच होता. उंदीर ताठ झाला, त्याचे मागचे पाय शेपटीच्या दिशेने सरळ ताणले गेले. अंगणातला तो ताठपणा मला ओळखू आला. मग सरांनी दुसरा उंदीर घेतला. त्याला तासाभरापूर्वी फेनिटोइन हे अपस्मारावरचे औषध टोचले होते. तेच यंत्र, तेवढाच शॉक. हा उंदीर थरथरला, पण त्याचे मागचे पाय ताणले गेले नाहीत. त्या दोन उंदरांमध्ये जो फरक दिसला, त्या फरकाचाच विचार या पुस्तकात केला आहे.

अपस्मारावर मराठीत लिहिले गेलेले बरेचसे लेखन रुग्ण आणि नातेवाईक यांच्यासाठी आहे, आणि ते हवेच आहे. पण अपस्माराचे औषध शोधले कसे जाते, माणसापर्यंत पोचण्याआधी ते कोणत्या प्राण्यांत आणि कोणत्या कसोट्यांवर घासले जाते, त्या कसोट्या कोठे खऱ्या ठरल्या आणि कोठे फसल्या, हे सलगपणे सांगणारे लेखन फारसे नाही. औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी हे प्रयोग करतात, पण बहुधा प्रात्यक्षिकाच्या वहीपुरते. डॉक्टर ही औषधे लिहून देतात, पण त्यांच्या जन्मकथा सांगायला त्यांना उसंत नसते. रुग्ण ती वर्षानुवर्षे गिळतात. या तिघांनाही हा विषय आपला वाटावा, म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

पहिल्यांदा एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. झटका वेगळा आणि अपस्मार वेगळा. मेंदूतल्या लाखो चेतापेशी एकाच वेळी, एकाच ठेक्यात पेटल्या की झटका येतो. कोणत्याही निरोगी मेंदूत तो आणता येतो. साखर फार उतरली, ताप मेंदूत गेला, विजेचा शॉक बसला की तो येऊ शकतो. प्रत्येक मेंदूला एक उंबरठा असतो आणि कारण पुरेसे जोरकस असले की तो ओलांडला जातो. अपस्मार म्हणजे हा उंबरठाच खचलेला असणे, बाहेरचे काही कारण नसताना झटके पुन्हा पुन्हा येत राहणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ५ कोटी माणसे या आजारासह जगतात. योग्य निदान आणि योग्य औषध मिळाले तर त्यांतल्या सत्तर टक्क्यांपर्यंत लोकांचे झटके थांबू शकतात. उरलेल्यांचे झटके मात्र आज हाताशी असलेल्या औषधांनी पुरेसे आवरत नाहीत. आजाराची ही एक बाजू. दुसरी बाजू समाजाची आहे: आपल्या हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा विवाह रद्द करून घेण्याचा आधार होता आणि तो शब्द १९९९ साली काढला गेला. फार जुनी ही गोष्ट नाही.

प्राण्यांवरील चाचण्या सुरू होण्याआधी अपस्माराची औषधे सापडली ती योगायोगाने. १८५७ साली लंडनच्या वैद्यकीय सभेत चार्ल्स लोकॉक या प्रसूतितज्ज्ञाने पोटॅशियम ब्रोमाइडचा उल्लेख केला. काही स्त्रियांच्या झटक्यांचा संबंध मासिक पाळीशी आणि कामवासनेशी आहे, अशी त्याची समजूत होती, आणि ब्रोमाइड ती वासना शमवते म्हणून त्याने ते दिले. तर्क चुकीचा होता, तरी औषध खरे निघाले. १९१२ साली जर्मनीत फ्रायबुर्ग येथे आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरने रुग्णांना झोप लागावी म्हणून फिनोबार्बिटल दिले, तर त्यांचे झटकेच कमी झाले. या दोन्ही औषधांनी असंख्य माणसांना आधार दिला. पण दोन्ही गुंगी आणणारी होती, आणि त्यामुळे एक समज पक्का झाला: झटका थांबवायचा तर मेंदू झोपवावाच लागतो.

हा समज मोडला तो एका प्रयोगाने, आणि तो प्रयोग मांजरांवर झाला. बॉस्टन सिटी हॉस्पिटलमधल्या ट्रेसी पुटनम आणि ह्यूस्टन मेरिट या दोघांनी १९३७ साली एक साधी पद्धत मांडली. मांजराच्या डोक्यातून मोजून-मापून वीज सोडायची आणि झटका यायला किमान किती प्रवाह लागतो ते ठरवायचे. हा त्या मांजराचा उंबरठा. मग औषध द्यायचे आणि पुन्हा मोजायचे. प्रवाह जास्त लागला तर औषधाने उंबरठा उंच केला. त्याच वेळी मांजर नीट चालते का, जागे आहे का, हेही पाहायचे. पार्क-डेव्हिस कंपनीकडून त्यांनी अशी रसायने मागवली की जी झोप आणत नाहीत. त्यांतच डायफेनिलहायडँटॉइन होते, म्हणजे आजचे फेनिटोइन. जर्मन रसायनज्ञ हाइनरिख बिल्त्झ यांनी ते १९०८ सालीच तयार केले होते. पण ते झोप आणत नाही म्हणून कोणाला त्याचे मोल वाटले नव्हते. ज्या गुणाअभावी ते अडगळीत पडले, तो अभावच त्याचा गुण ठरला. १९३८ साली रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ज्यांना ब्रोमाइड आणि फिनोबार्बिटल लागू पडत नव्हते अशा कितीतरी जणांचे झटके थांबले, आणि ते जागे, कामाला लागण्याजोगे राहिले.

या घटनेचे मोल एका औषधापुरते नाही. झोप न आणता झटका थांबवता येईल का, हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी प्राण्याला नेमकेपणाने विचारला आणि नेमके उत्तर मिळवले. प्राण्यातला अपस्मार, ज्याला प्रयोगशाळेत आपण मॉडेल म्हणतो, तो मुळात एक प्रश्न असतो. प्रश्न जसा विचाराल तसेच उत्तर मिळते, आणि जे विचारलेच नाही त्याचे उत्तर कधीच मिळत नाही. या पुस्तकाची सारी प्रकरणे याच एका सूत्रात ओवली आहेत.

पुढच्या दशकातच त्याचा पडताळा आला. काही मुलांना फिट येते ती पडण्याची नव्हे. वर्गात बसल्या बसल्या पाच-दहा सेकंद नजर शून्यात जाते, हातातली पेन्सिल थांबते आणि मूल पुन्हा लिहू लागते. शिक्षकांना वाटते लक्ष नाही. या झटक्यांवर फेनिटोइन चालत नाही, उलट कधी कधी ते बिघडतात. १९४० च्या दशकात ट्रायमेथाडायोन नावाचे औषध पुढे आले. पेंटिलीनटेट्राझोल, म्हणजे पीटीझेड, टोचून आणलेला झटका ते थांबवी, पण फेनिटोइनप्रमाणे जोरदार विजेचा झटका आवरण्यात ते दुबळे होते. रुग्णांत मात्र त्याने याच शून्य नजरेच्या झटक्यांवर गुण दाखवला. तेव्हापासून दोन कसोट्या जोडीने उभ्या राहिल्या: विजेच्या महत्तम शॉकची, आणि पीटीझेडची.

या दोन कसोट्या आजही जगभर चालतात, म्हणून त्यांची रीत इथे थोडक्यात सांगतो. शॉकच्या चाचणीत चिमुकल्या उंदराला म्हणजे माउसला साधारण ५० मिलिअँपिअर आणि मोठ्या उंदराला म्हणजे रॅटला १५० मिलिअँपिअर प्रवाह ०.२ सेकंद देतात. एवढा शॉक उंबरठ्याच्या कितीतरी वर असतो, त्यामुळे औषध न दिलेल्या जवळजवळ प्रत्येक उंदराचे मागचे पाय ताणले जातात. ते ताणले न जाणे म्हणजे संरक्षण. दुसऱ्या चाचणीत माउसच्या मानेवरच्या सैल कातडीखाली किलोमागे सुमारे ८५ मिलिग्रॅम पीटीझेड टोचतात आणि अर्धा तास नजर न हलवता पाहत बसतात. पाच सेकंद टिकणारा झटका आला नाही तर संरक्षण. आधी औषधाचा परिणाम किती वेळाने शिखरावर असतो ते ठरवायचे, मग त्या वेळी वेगवेगळ्या मात्रा देऊन निम्म्या उंदरांना वाचवणारी मात्रा काढायची. हिला ईडी-५० म्हणतात.

पण एवढ्यावर थांबणारा प्रयोग अर्धाच असतो. तिसरी कसोटी दिसायला अगदी साधी आहे: मिनिटाला सहा वेळा फिरणारा एक दांडा, रोटारॉड. निरोगी माउस त्यावर तोल सावरून चालत राहतो. औषधाने त्याचा तोल गेला की तो पडतो. मिनिटात तीनदा पडला तर तो बाधित मानतात. निम्मे उंदीर बाधित करणारी मात्रा आणि निम्म्यांना वाचवणारी मात्रा यांचे गुणोत्तर म्हणजे संरक्षण निर्देशांक. हा आकडा एकच्या जवळ असेल तर औषधाने झटका आवरला की उंदीर नुसता गुंगवला, हे सांगता येत नाही. पुटनम आणि मेरिट यांनी मांजर चालते का पाहिले, तोच प्रश्न हा दांडा विचारतो.

चौथी गोष्ट कसोटी नव्हे, शिस्त आहे. औषध ज्यात विरघळवले ते नुसते द्रावक दिलेला एक गट प्रत्येक प्रयोगात हवाच. कांद्याची कथा आठवा. कांदा न हुंगवलेला झटका किती वेळात थांबतो, हे गावात कोणी पाहिलेच नव्हते, म्हणून कांदा औषध ठरला. तुलनेचा गट नसला की असेच होते. याचे सर्वांत बोलके उदाहरण फ्रान्समधल्या ग्रेनोब्ल शहरातले. १९६०च्या दशकाच्या आरंभी पिएर एमार हे संशोधक काही नवी रसायने तपासत होते. ती पाण्यात विरघळत नव्हती, म्हणून त्यांनी व्हॅल्प्रोइक आम्ल द्रावक म्हणून वापरले. हे आम्ल १८८२ पासून रसायनशास्त्रात ठाऊक होते. पीटीझेडच्या चाचणीत सगळी रसायने गुणकारी दिसू लागली. एकमेकांशी काही संबंध नसलेली संयुगे सारखीच गुणकारी कशी? नुसते द्रावक देऊन पाहिले तर उत्तर मिळाले: गुण द्रावकाचाच होता. १९६७ साली व्हॅल्प्रोएट फ्रान्समध्ये औषध म्हणून बाजारात आले आणि आज ते अपस्मारावरच्या प्रमुख औषधांपैकी एक आहे. तुलनेचा गट पाहिला नसता, तर खरे औषध बाटलीत राहिले असते आणि खोट्याचा उदोउदो झाला असता.

१९७५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या चाचण्यांना संघटित रूप दिले. जगभरच्या कंपन्यांनी आणि विद्यापीठांनी आपली संयुगे पाठवायची आणि युटा विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत ती ठरलेल्या क्रमाने तपासायची, अशी ही योजना. तिच्यातून आजवर ३० हजारांहून अधिक संयुगे गेली. अनेक नव्या औषधांची वाट तिने सुकर केली. पण पहिली चाळणी शॉकची आणि पीटीझेडची होती. चाळणीला जेवढी भोके, तेवढेच पीठ खाली पडते. वर जे राहिले ते सगळेच कोंडा असेल असे नाही.

हे सिद्ध केले लेव्हेटिरॅसिटॅमने. बेल्जियमच्या यूसीबी कंपनीचे हे संयुग दोन्ही पारंपरिक कसोट्यांत साफ नापास झाले. निरोगी उंदराला अचानक आणलेला झटका ते आवरत नव्हते. तिथेच ते फेकले गेले असते. पण ते जन्मजात झटके येणाऱ्या उंदरांत आणि किंडलिंग केलेल्या उंदरांत चालले. किंडलिंग म्हणजे काटक्या पेटवून जाळ धरवणे. १९६० च्या दशकात कॅनडात ग्रॅहम गॉडार्ड हे शिकण्याच्या प्रक्रियेचा अभ्यास करताना उंदरांच्या मेंदूला रोज अगदी सौम्य विद्युत उत्तेजन देत होते. पहिल्या दिवशी काहीच होत नसे. दिवसांमागून दिवस तेवढेच उत्तेजन देता देता उंदरांना झटके येऊ लागले आणि महिनोन्‌महिने विश्रांती दिल्यावरही तो मेंदू पहिल्यासारखा झाला नाही. उंबरठा कायमचा खचला होता. १९७२ साली रोनाल्ड रासीन यांनी या झटक्यांच्या पाच पायऱ्या लावल्या. चेहऱ्याच्या हालचालीपासून मागच्या पायांवर उभे राहून कोसळण्यापर्यंतची ती मोजपट्टी आजही वापरात आहे. लेव्हेटिरॅसिटॅम १९९९ साली अमेरिकेत मंजूर झाले. ते मेंदूतल्या एसव्ही२ए नावाच्या प्रथिनाला चिकटते, हे २००४ मध्ये कळले. आज आपल्याकडे लहान गावातल्या औषधाच्या दुकानातही ते मिळते. निरोगी मेंदूला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ होते. आजारी मेंदूला विचारल्यावर ते ‘होय’ झाले.

याच्या उलटाही धडा आहे. मेंदूतल्या एका विशिष्ट ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, रोखणारी काही संयुगे निरोगी उंदरांत सुरक्षित वाटली. किंडलिंग केलेल्या उंदरांत मात्र त्यांनीच विचित्र वर्तन आणि तोल जाणे असे दुष्परिणाम फार कमी मात्रेत दाखवले. त्यांतले एक रुग्णांना दिले गेले तेव्हा त्यांना निरोगी स्वयंसेवकांपेक्षा जास्त त्रास झाला आणि चाचणी थांबवावी लागली. उंदराने आधीच सांगितले होते; ते वेळेवर ऐकले गेले नाही.

पीटीझेडची चाचणी म्हणजे शून्य नजरेच्या झटक्यांची चाचणी, असे आमच्या पिढीला शिकवले गेले. तेही पुरते खरे नव्हते. लॅमोट्रिजिन पीटीझेडच्या चाचणीत निष्प्रभ ठरते, तरी मुलांच्या या झटक्यांवर चालते. टायागाबिन त्या चाचणीत उत्तीर्ण होते, पण हेच झटके ते वाढवू शकते. फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गमध्ये वाढवलेले, जन्मजात असे झटके येणारे उंदीर या दोन्ही औषधांबद्दल जास्त खरे बोलले. त्यांना काही टोचावे लागत नाही. त्यांचा आजार त्यांचा स्वतःचा आहे.

मॉडेल जितके आजाराच्या जवळ जाते, तितके ते महाग आणि कष्टाचे होते. पिलोकार्पिन हे काचबिंदूवर डोळ्यांत टाकायचे औषध आहे. कायनिक आम्ल समुद्री शेवाळात सापडते. यांतले एक मोठ्या मात्रेत दिले की उंदराला तासन्‌तास न थांबणारा झटका येतो. ठरावीक वेळाने डायझेपॅम देऊन तो आवरतात. मग काही दिवस किंवा आठवडे शांततेत जातात, आणि एक दिवस कोणी काहीही न करता उंदराला झटका येतो. माणसातही असेच घडते: डोक्याला मार लागतो किंवा मेंदूज्वर होतो, जखम भरते, आणि महिन्या-वर्षांनी फिट सुरू होते. अशा उंदरांचे झटके मोजण्यासाठी रात्रंदिवस कॅमेरा आणि ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, लावून आठवडेच्या आठवडे चित्रण तपासावे लागते.

ती मधली शांतता हेच या क्षेत्राचे सर्वांत मोठे कोडे आहे. शांत दिसणाऱ्या त्या दिवसांत मेंदू आपली जोडणी बदलत असतो. त्या काळात औषध देऊन अपस्मार होऊच न देणे शक्य आहे का? १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात डोक्याला गंभीर इजा झालेल्या रुग्णांना फेनिटोइन देऊन पाहिले. पहिल्या आठवड्यातले झटके कमी झाले. पुढे जडणारा अपस्मार टळला नाही. औषधाचा यात दोष नाही. त्याची निवडच आलेला झटका आवरण्याच्या कसोटीवर झाली होती, आणि तेवढे काम ते चोख करते. म्हणूनच आता तज्ज्ञ या औषधांना अपस्मारविरोधी न म्हणता झटकारोधी म्हणणे पसंत करतात. नाव बदलल्याने आजार बदलत नाही, पण आपण काय करू शकतो आणि काय नाही, याची कबुली त्या नावात आहे.

जनुकांच्या शोधाने प्रश्न अधिक नेमके झाले. द्राव्हे सिंड्रोम या आजारात तापासोबत बाळाला पहिल्या वर्षातच लांबलेले झटके येऊ लागतात. या बाळांना सोडियमच्या वाहिन्या रोखणारी औषधे दिली की झटके वाढतात, हे डॉक्टरांनी अनुभवले होते. कारण उमगत नव्हते. २००६ साली सिअॅटलमध्ये विल्यम कॅटरॉल यांच्या प्रयोगशाळेने तोच जनुकीय दोष असलेले उंदीर तपासले. मेंदूत चेतवणाऱ्या पेशी असतात तशा आवरणाऱ्याही असतात, आणि या दोषात आवरणाऱ्या पेशींचाच सोडियमचा प्रवाह दुबळा झालेला निघाला. आधीच लंगडणाऱ्या राखणदाराला औषधाने आणखी जखडले जात होते. आता झेब्राफिश या माशाच्या काही मिलिमीटर लांबीच्या पिल्लांतही तोच दोष आणून शेकडो संयुगे थोड्या वेळात तपासता येतात.

आता आपल्याकडे वळतो. महाराष्ट्रातल्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांत एम. फार्म.च्या प्रबंधांसाठी ब्राह्मी, वेखंड, जटामांसी, शंखपुष्पी अशा वनस्पतींचे अर्क शॉक आणि पीटीझेडच्या कसोट्यांवर तपासले जातात. चरकसंहितेत अपस्माराला स्वतंत्र अध्याय आहे; त्या परंपरेची आजच्या कसोटीवर परीक्षा व्हायलाच हवी. पण मार्गदर्शक आणि परीक्षक म्हणून वाचलेल्या प्रबंधांत त्याच त्या उणिवा मला पुन्हा पुन्हा दिसल्या. रोटारॉड केलेला नसतो, त्यामुळे गुंगी आणि गुण वेगळे काढता येत नाहीत. उंदरांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नसतात. कोणत्या उंदराला काय दिले हे निरीक्षकाला ठाऊक असते, आणि झटका पाच सेकंद टिकला की चार, हे मग आशा ठरवते. अर्कामुळे पीटीझेड मेंदूपर्यंत कमी पोचले का, हे कोणी मोजत नाही. ते कमी पोचले असेल, तर संरक्षण दिसते पण औषध सापडलेले नसते. माझ्या स्वतःच्या प्रबंधातही एक अर्क फार गुणकारी दिसला होता. पुढे त्याच मात्रेत उंदीर दांड्यावरून पडताना पाहिले आणि मी कांदाच हुंगवत होतो हे मला कळले. ते उंदीर परत येणार नव्हते.

म्हणून नीतीचा प्रश्न या पुस्तकात शेवटच्या पानावर ढकललेला नाही. भारतात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, प्राण्यांवरील प्रयोगांसाठी १९९८ चे नियम आहेत, आणि संस्थेच्या प्राणी नीती समितीच्या परवानगीवाचून असा प्रयोग करता येत नाही. १९५९ साली विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी तीन तत्त्वे सांगितली: शक्य तिथे प्राण्याला पर्याय शोधा, लागतील तेवढेच प्राणी वापरा, आणि त्यांची वेदना कमीत कमी ठेवा. यांत दुसऱ्या तत्त्वाचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. दहा उंदीर लागणार असतील तिथे चार वापरून काहीच सिद्ध न होणारा प्रयोग करणे ही दया नव्हे. त्या चौघांचे कष्ट वाया गेले. ज्या प्रयोगातून कोणताही निष्कर्ष निघू शकत नाही, तो प्रयोग क्रूर आहे, मग त्याला कितीही सह्या असोत.

आणि उंदीर सगळेच सांगू शकत नाही, हेही विसरू नये. फेल्बामेट हे औषध प्राण्यांच्या चाचण्यांत चांगले उतरले आणि १९९३ साली अमेरिकेत मंजूर झाले. वर्षभरातच काही रुग्णांच्या अस्थिमज्जेने रक्त बनवणे थांबवले, काहींचे यकृत निकामी झाले. हजारो माणसांत एखाद्यालाच होणारा असा अपाय उंदरांच्या लहान गटात दिसत नाही. झटक्याआधी पोटातून उठणारी भीती, औषधाने मंदावलेली स्मरणशक्ती, लग्न ठरताना लपवावी लागणारी गोळी, हे उंदराला विचारता येत नाही. ते माणसालाच विचारावे लागते, आणि तेही तितक्याच काळजीने.

विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: पिंजऱ्याला हात लावण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहा. आपल्याला आलेला झटका आवरायचा आहे, झटके येणारा मेंदू तपासायचा आहे, की आजार जडण्याआधीच अडवायचा आहे? त्या वाक्याशी मॉडेल जुळत नसेल तर प्रयोग करू नका. तुलनेचा गट, चिठ्ठ्या आणि दांडा यांत काटकसर करू नका. ‘गुण नाही’ असा निष्कर्ष निघाला तर तोही छापा. त्याने पुढच्या माणसाचे उंदीर वाचतील.

आणि ज्यांच्या घरात ही गोळी रोज घेतली जाते त्यांना: झटका आला तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा, आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखान्यात न्या. कांदा, चप्पल, किल्ल्या यांची गरज नाही. झटके थांबले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आजार आत तसाच असू शकतो; गोळीने फक्त उंबरठा उंच धरलेला असतो, आणि ती एकदम काढली की न थांबणारा झटका येऊ शकतो. गोळी कमी करायची की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.